गोठ्यातील गवळण

दिवाळी सरली की आमच्या घरी एक छोटेसे स्थलांतर होत असे. अंगणातील मातीचा किल्ला आम्ही भावंडे उतरवीत असू, त्यावरील चित्रे कोरड्या फडक्याने पुसून पत्र्याच्या पेटीत ठेवीत असू, आणि पाच-सहा आठवड्यांनी तीच पेटी नाताळच्या गोठ्यासाठी पुन्हा उघडली जाई. किल्ल्याच्या पायथ्याशी उभी असलेली गवळण मग बेथलेहेमच्या वाटेवर उभी राही. किल्ल्यावरील गाय गव्हाणीशेजारी येई. शेतकरी, वासुदेव, पाटीवाली माळीण यांनाही जागा मिळे. मावळ्यांपैकी एकाला आई गोठ्याच्या मागे पहाऱ्यावर ठेवी; हेरोदाच्या राज्यात पहारा असलेला बरा, असे तिचे म्हणणे. बाळ येशू, मरिया माता आणि संत योसेफ एवढ्या तीनच मूर्ती खास गोठ्यासाठी घेतलेल्या होत्या. बाकीचे सारे बेथलेहेम शिवनेरीच्या मुलखातून आलेले होते.

आमचे बालपण कळंब येथे गेले. आंबेगाव तालुक्यातील, पुणे-नाशिक रस्त्यावरील हे गाव. वडील शाळामास्तर, आणि त्यांच्या बदलीमुळे आम्ही तेथे गेलेलो. जुन्नर आणि शिवनेरी जवळ असल्यामुळे दिवाळीचा किल्ला हा तेथील मुलांना पुस्तकातला खेळ वाटत नसे. शेजारच्या मुलांचे किल्ले होत, तसा आमचाही होई. नाताळात तीच मुले आमचा गोठा पाहावयास येत आणि आपल्या ओळखीची चित्रे तेथे पाहून खूश होत. ‘चित्र’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. किल्ल्यावर वा चैत्रगौरीच्या आराशीत मांडावयाच्या या मातीच्या रंगीत बाहुल्यांना आपल्याकडे चित्रेच म्हणतात. घडविण्यापेक्षा रंगविण्याला त्या शब्दात अधिक मान आहे, आणि तो योग्यच आहे असे आम्ही पुढे दाखविणार आहोत.

हा विषय आज काढण्यास एक कारण घडले. गेल्या वर्षी जुन्या वस्तूंचे एक व्यापारी कोणाच्या तरी ओळखीने आमच्याकडे आले. पेटीतील त्रेचाळीस चित्रे त्यांनी एकेक करून टेबलावर मांडली, भिंगातून पाहिली आणि नऊ बाजूला काढली. त्या नवांसाठी त्यांनी सांगितलेली रक्कम ऐकून घरातील मंडळी क्षणभर गप्प झाली. उरलेल्या चौतिसांचे काय, असे आम्ही विचारले. “त्यांना बाजार नाही,” ते म्हणाले. ज्या गवळणीचा वर उल्लेख केला, ती त्या चौतिसांत होती. तिच्या घागरीचा काठ उडालेला आहे.

व्यापाऱ्यांची परीक्षा चुकीची होती असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्या कसोट्या स्पष्ट होत्या : वय, दुर्मीळपणा आणि अभंगपणा. परंतु या कसोट्या चित्राभोवतीच्या परिस्थितीच्या आहेत, चित्राच्या नव्हेत. मग प्रत्यक्ष चित्राची परीक्षा कशी करावी? कथा-कवितेची समीक्षा आपण करतो. आठ आण्यांच्या गवळणीची का करू नये?

त्यासाठी हे चित्र होते कसे, ते आधी पाहिले पाहिजे. माती मळून दोन पाखी साच्यात दाबतात. पुढचा आणि मागचा भाग जोडून सांधा बोटाने पुसतात. चित्र सावलीत सुकवितात. मग पांढऱ्या रंगाचा हात देतात, त्यावर अंगाचा रंग, त्यावर वस्त्राचा, मग काठ, दागिने, केस, आणि सर्वांत शेवटी डोळे. या शेवटच्या कामाला आखणी म्हणतात. गणपतीच्या कारखान्यातही डोळ्यांची आखणी सर्वांत तरबेज हाताकडे असते, हे सर्वांना ठाऊक आहे. साचा एकच असतो आणि त्यातून शेकडो चित्रे निघतात. म्हणजे ठेवण साच्याची, पण मुद्रा रंगविणाऱ्याची.

आमच्या पेटीत याचा पुरावा आहे. वडिलांनी एकाच साच्यातील दोन गवळणी दोन निरनिराळ्या वर्षी आणल्या होत्या. डोक्यावरील घागरीचा कल, कमरेवरील हात, निऱ्यांची घडी, सारे तंतोतंत सारखे. पहिलीचे डोळे समोर आखलेले आहेत, टपोरे आणि देखणे. ती जाहिरातीतील बाईसारखी सर्वांकडे पाहते आणि म्हणून कोणाकडेच पाहत नाही. दुसरीची बुबुळे रंगविणाऱ्याने केसभर खाली आणि डावीकडे टेकविली आहेत. तेवढ्याने ती दमलेली दिसते. डोक्यावर भरलेली घागर आहे, वाट उताराची आहे, आणि ती पाऊल कोठे पडते ते पाहते आहे. रंगविणाऱ्याने हे हेतुपूर्वक केले की घाईत हात खाली गेला, हे आता कळावयाचा मार्ग नाही. पण आईच्या ध्यानात ते आले. तिने ही दुसरी गवळण गव्हाणीच्या उजव्या अंगाला, जरा उंचवट्यावर उभी केली. तिची खाली आलेली नजर नेमकी बाळावर पडली. पुढे दरवर्षी तिची जागा तीच राहिली.

चांगल्या चित्राची आमची व्याख्या येथून सुरू होते. जे चित्र आपल्या नजरेने स्वतःची जागा मागते, ते चांगले. दागिन्यांची बारीक नक्षी, रंगांची झळाळी, वस्त्रांची अचूकता हे गुण आहेत. परंतु ते सारे असूनही चित्र मुके राहू शकते. उलट आमच्या एका मावळ्याची मिशी दोन्ही बाजूंना सारखी नाही, ढाल तर बांगडीएवढी आहे, पण त्याच्या कपाळावर मारलेल्या एका आडव्या रेघेने तो पहाऱ्यावरचा माणूस झाला आहे. आईने त्याला उगाच गोठ्यामागे ठेवले नव्हते.

अशा चित्रांचा संग्रह करण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये मातीच्या चित्रांची गणना शहरातील कारागिरीत केलेली आढळते. पुणे, लखनौ, बंगालमधील कृष्णनगर येथील रंगीत चित्रे त्या काळी प्रदर्शनांतून परदेशी गेली आणि साहेबांच्या दिवाणखान्यांत मांडली गेली. मुंबईत भायखळ्याच्या संग्रहालयात, जे १८७२ साली लोकांस खुले झाले आणि ज्याला १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले, अशा लहान चित्रांची कपाटे आजही आहेत. निरनिराळ्या जातिजमातींचे लोक, त्यांची पागोटी, त्यांचे धंदे आणि अवजारे तेथे मातीत उभी आहेत. आमच्या गवळणीपेक्षा ही चित्रे कारागिरीत कितीतरी सरस आहेत. पागोट्याच्या पिळावरून माणूस ओळखावा इतकी ती अचूक आहेत.

तरीही त्या कपाटांपुढे उभे राहिले की मन जरा संकोचते. ही चित्रे ज्यांच्यासाठी झाली, त्यांना माणूस नको होता, नमुना हवा होता : हा न्हावी, हा पिंजारी, ही कोळीण. प्रत्येक चित्र आपल्या जातीची पाटी धरून उभे. साहेबाने न्हाव्याचे चित्र घेतले तेव्हा त्याच्या संग्रहातील एक रकाना भरला. आईने गवळण घेतली तेव्हा रकाना नव्हता. नंतर जागा सापडली. संग्रहाचे हे दोन प्रकार आहेत आणि बाजार कसा बदलला हे समजण्यास तो भेद उपयोगी पडतो. एका प्रकारात आधी यादी असते आणि वस्तू तिच्या मागून येतात. दुसऱ्यात वस्तूंची भर पडत जाते आणि त्यातून काहीतरी आकाराला येते. पहिल्याला संच म्हणू, दुसऱ्याला भर.

ख्रिस्तजन्माचा गोठा हा मुळात भरीचा प्रकार आहे. १२२३ साली संत फ्रान्सिस असिसीकर यांनी इटलीतील ग्रेच्यो येथे जो पहिला देखावा उभारला, त्यात मूर्ती नव्हत्याच. गवताने भरलेली गव्हाण, बैल आणि गाढव, एवढेच होते. बाकी गावकरी स्वतः हजर होते. पुढे त्या गावकऱ्यांच्याच मूर्ती झाल्या असे म्हणावयास हरकत नाही. अठराव्या शतकात नेपल्सच्या कारागिरांनी भाजक्या मातीची डोकी, तारेची आणि तागाची शरीरे आणि रेशमी वस्त्रे यांनी राजवाड्यात शोभावेत असे गोठे घडविले, तेव्हा त्यांतही फळवाले, खानावळवाले, भिकारी यांची गर्दी झाली. फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांताची कथा आमच्या अधिक जवळची आहे. राज्यक्रांतीच्या धामधुमीत देवळे बंद झाली, सार्वजनिक गोठे थांबले. त्या काळात मार्सेय शहरातील झाँ-लुई लान्येल (१७६४-१८२२) या कारागिराने साच्यातून मातीच्या छोट्या, स्वस्त मूर्ती काढल्या आणि गरिबाच्या घरीही गोठा आला. या मूर्तींना ‘सांतों’, म्हणजे छोटे संत, म्हणतात. पण त्यांत दळणारा आहे, मासेवाली आहे, लाकडाची मोळी वाहणारी म्हातारी आहे. १८०३ पासून मार्सेयला त्यांची जत्रा भरते. तेथील कुटुंबे दरवर्षी एखाद-दुसरी मूर्ती घेऊन गोठा वाढवितात.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी ग्रेच्यो येथूनच गोठ्याविषयी एक पत्र काढले. त्यात त्यांनी लिहिले आहे की शुभवर्तमानातील वृत्तांताशी वरवर पाहता संबंध नसलेल्या कितीतरी मूर्ती आपण गोठ्यात मांडतो, आणि या नव्या जगात जे जे मानवी आहे त्या सर्वाला जागा आहे, असेच त्यातून सूचित होते. ते पत्र वाचताना आम्हांस आईचा मावळा आठवला. तिला हे पत्र वाचावयास मिळाले नाही. तिने आधीच त्याप्रमाणे वागून ठेवले होते.

आता बाजाराकडे येऊ. आमच्या लहानपणी चित्र सुटे मिळे. दिवाळीपूर्वी मंचरच्या बाजारात वा पुण्यास गेले असता वडील पाटीपुढे बसत, पाच-सात चित्रे हातात घेऊन पाहत आणि एक किंवा दोन घेत. निवडणे हा खरेदीचाच भाग होता. तीच आमची पहिली समीक्षा. नंतर मातीऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस आले. ते चटकन वाळते, साच्यातून स्वच्छ निघते, उत्पादन वाढते. पण ते जलदगतीने रंगवावेही लागते. त्यामागून प्लास्टिक आले, फायबर आले, आणि अलीकडे रेझिन म्हणून ओळखली जाणारी घट्ट होणारी राळ आली. आज शहरातील दुकानांत, आणि घरबसल्या मोबाइलवरही, अकरा नगांचा गोठा खोक्यात बंद मिळतो : बाळ, मरिया, योसेफ, तीन ज्ञानी पुरुष, मेंढपाळ, देवदूत, गाय, गाढव आणि मेंढी. सर्व एका मापाचे, एका छटेचे, एका चेहऱ्याचे. दुसरीकडे हौशी संग्राहकांसाठी शिवकालीन योद्ध्यांच्या नाजूक, महागड्या मूर्ती निघू लागल्या आहेत. त्यांतील वस्त्रे आणि शस्त्रे यांमागे अभ्यास असतो. स्वस्त संच खाली आणि संग्राह्य मूर्ती वर, असे बाजाराचे दोन तट झाले. मधला, आठ आण्यांच्या सुट्या चित्राचा रस्ता अरुंद झाला.

या बदलाला सरसकट नावे ठेवणे अन्याय्य होईल. मातीचे चित्र ओल्या हाताने धरले की रंग सोडी; दर पावसाळ्यात पेटीत दोन-तीन चित्रांचे पाय तुटत. रेझिनचा योसेफ टेबलावरून पडला तरी उठून उभा राहतो, ही लहान मुलांच्या घरात थोडी गोष्ट नाही. जुन्या चित्रांतही भिकार कामाचा भरणा होता. आमच्या त्रेचाळिसांत निदान वीस तरी अशी आहेत की ज्यांच्याविषयी माया सोडल्यास सांगण्यासारखे काही नाही. आणि त्या स्वस्ताईची किंमत रंगविणाऱ्याने मोजली होती, हे विसरून कसे चालेल? आठ आण्यांच्या चित्रावर जो डोळे आखीत असे, त्याच्या वाट्याला त्यातील किती येत असतील? आजचा कुशल कारागीर आपल्या मूर्तीला चांगला भाव मागू शकतो, तिच्यावर सही करू शकतो. हे आम्हांस बाजाराने केलेले एक भले काम वाटते.

आमचा आक्षेप वेगळा आहे. खोक्यातील संच विकत घेणाऱ्याच्या हातून निवड जाते. अकरा नग आधीच एकमेकांसाठी ठरलेले असतात. बाराव्याला जागा नसते आणि त्याची गरजही भासत नाही. पहिल्या वर्षी गोठा पूर्ण होतो, आणि पूर्ण झालेली गोष्ट दुसऱ्या वर्षी फक्त बाहेर काढावयाची उरते. आमच्या गोठ्यात मेंढी मेंढपाळाच्या कमरेपर्यंत येई आणि वासुदेव योसेफापेक्षा हातभर उंच दिसे. पाहुणे हसत. पण त्या विसंगतीत घराची सारी वर्षे मोजता येत : हे वडिलांना बढती मिळाली त्या वर्षीचे, हे धाकटी जन्मली तेव्हाचे, हे दुष्काळाच्या साली घेतलेले आणि म्हणून सर्वांत लहान.

वरच्या तटावरील संग्राहकांनाही एक इशारा द्यावासा वाटतो, आणि त्यासाठी उदाहरण कॅथलिक जगातीलच आहे. जर्मनीतील फ्रान्सिस्कन संन्यासिनी सिस्टर मरिया इनोसेन्शिया हुमेल (१९०९-१९४६) मुलांची गोड चित्रे काढीत. १९३५ पासून गोबेल या कारखान्याने त्यांवरून चिनी मातीच्या, हाताने रंगविलेल्या मूर्ती बनविण्यास आरंभ केला. महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी त्या भेट म्हणून घरी नेल्या आणि तेथे संग्रहाची लाट आली. १९७७ साली संग्राहकांचा क्लब निघाला, किमतींच्या याद्या छापून येऊ लागल्या, आणि लोक ठेवीप्रमाणे मूर्ती जमवू लागले. पुढे ती पिढी थकली. एकाच वेळी असंख्य घरांतून तेच संग्रह विक्रीस आले आणि घेणारी पिढी तेथे नव्हती. भाव कोसळले. २००८ साली गोबेलने हे उत्पादन थांबविले. पुढील वर्षी दुसऱ्या कंपनीने ते पुन्हा सुरू केले, पण जुना बहर परतला नाही. मूर्ती होत्या तशाच सुंदर राहिल्या. भाव मात्र मूर्तींचा नव्हताच, तो यादीचा होता. पुढे किंमत येईल म्हणून जो खोके उघडीतच नाही, त्याने हे ध्यानी घ्यावे.

एक चूक आमच्याही पदरी आहे. काही वर्षांपूर्वी रंग उडालेली सहा चित्रे ‘नवी’ करावीत म्हणून आम्ही ऑइल पेंटने स्वतः रंगविली. उत्साह मोठा होता. वाळल्यावर पाहिले तो सहाही जणांना एकच चेहरा आलेला : आमच्या अकुशल हाताचा. खालची आखणी कायमची बुजली. उडालेल्या रंगातही मूळ रंगविणाऱ्याचा हात शिल्लक असतो. वरून दिलेल्या रंगाखाली तो राहत नाही. म्हणून वाचकांस विनंती की जुने चित्र कोरड्या, मऊ कुंचल्याने झाडावे, कागदात गुंडाळून दमट नसलेल्या जागी ठेवावे, तुटलेला पाय चिकटवावा, पण चेहऱ्यास हात लावू नये.

व्यापाऱ्यांना आम्ही नकार कळविला. तो सहज दिलेला नव्हता. घरात तेव्हा पैशाची निकड होती. पण नऊ गेली असती तर उरलेली चौतीस ही ‘बाजार नसलेली’ म्हणून उरली असती, आणि आपल्याच पेटीकडे आम्ही त्या नजरेने पाहू लागलो असतो. या नाताळात नातीने तिच्या कमाईतून रेझिनचा अकरा नगांचा संच आणला. आम्ही तो नाकारला नाही. तिचे मरिया, योसेफ आणि बाळ मध्यभागी बसविले आणि भोवती पेटीतली मंडळी उभी केली. गवळण उजव्या उंचवट्यावर गेली. नातीने जरा वाकून पाहिले आणि विचारले, “ही कोणी रंगवली?” आम्हांस उत्तर देता आले नाही. वडिलांनी कधी विचारले नव्हते, आम्हीही नाही.

त्यापूर्वी दिवाळीत आम्ही पुण्यास कसबा पेठेतील कुंभारवाड्यात गेलो होतो. एका दारात एक बाई ओळीने मांडलेल्या मेंढपाळांचे डोळे आखीत बसल्या होत्या. त्यांतील एक चित्र आम्ही निवडले, पैसे दिले आणि तळाशी लिहून ठेवण्यासाठी त्यांचे नाव विचारले. “नाव कशाला? नाव दुकानाचं असतं,” त्या म्हणाल्या. आम्ही पेन्सिल पुढे धरून तसेच उभे राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी कुंचला पाण्यात ठेवला, हात पदराला पुसले, पेन्सिल घेतली आणि चित्र उलटे करून स्वतःच नाव लिहिले. खाली सालही घातले.